मागाठाणे : साष्टीतील एक गाव, त्याचे शेत आणि त्याचे नाव

१. प्रास्ताविक

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भागाचे मागाठाणे हे नाव आज मुंबईकरास तीन ठिकाणी भेटते : बसगाड्यांच्या आगारावर, २००९ साली प्रथम निवडणूक झालेल्या विधानसभा मतदारसंघाच्या नावात आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकावर. ह्या तिन्ही ठिकाणी ते एका दाट वस्तीच्या नागरी विभागाचे नाव आहे. तेथे एके काळी भातशेती करणारे लहानसे गाव होते ह्याची जाणीव त्यावरून होत नाही. परंतु उपलब्ध पुराव्यात हे नाव प्रथम येते ते शेताच्याच संबंधात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कान्हेरीच्या कातळावर ते कोरले गेले, कारण ह्या गावातील एक शेत तेथील भिक्षुसंघास दान देण्यात आले होते.

प्रस्तुत लेखात मागाठाणे व त्याचा परिसर ह्यांचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने गावाच्या नावाकडे व शेतकऱ्यांच्या शब्दांकडे त्याचे लक्ष अधिक गेले आहे. परंतु ह्या निवडीला केवळ आवड हे कारण नाही. मागाठाण्यासारख्या गावाविषयी जे लेख, सनदा व कायदे उपलब्ध आहेत, ते जवळजवळ सर्व गावाच्या उत्पन्नावर अधिकार असणाऱ्यांनी लिहिलेले वा लिहविलेले आहेत. दाता, विहार, जहागीरदार, खोत, सरकार हे सर्व त्यांत आढळतात. नांगर धरणारा आढळत नाही. त्याचा स्वतःचा दस्तऐवज म्हणावयाचा तर तो म्हणजे त्याची भाषा. तो दस्तऐवज आता फार झपाट्याने नाहीसा होत आहे, म्हणून त्याचा विचार वेळीच होणे अगत्याचे वाटते.

२. गावाचे शिवार

साष्टी हे मूळचे बेट. त्याच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगरांची रांग आहे आणि तीतच कान्हेरीची लेणी कोरलेली आहेत. ह्या डोंगरांतून दहिसर, पोयसर, ओशिवरा ह्या नद्या पश्चिमेकडे वाहतात व खाड्यांना मिळतात. मागाठाणे हे डोंगर जेथे संपतात व सपाटी जेथे सुरू होते, नेमक्या त्या सांध्यावर वसलेले गाव. ह्या स्थानामुळे तीन प्रकारच्या भूमीचा त्यास लाभ होत असे.

पहिली भूमी डोंगराची. तिने गवत, सरपण आणि राबासाठी लागणारा पालापाचोळा पुरविला. दुसरी पायथ्याच्या गोड्या जमिनीची. तीत पावसाच्या पाण्यावर भात पिके. उंचवट्यावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतली जाई, आणि भाताच्या कापणीनंतर राहिलेल्या ओलीवर वाल होत. तिसरी भूमी पश्चिमेच्या खाडीकाठची. तेथे खाऱ्या पाण्याला बांध घालून खाजण लागवडीस आणीत व त्यात खारे भात करीत. जे खाजण शेतीस येण्याजोगे नसे तेथे मिठागरे होत. ह्या तिन्ही भूमींवर निरनिराळे समाज राहत असत : डोंगरात वारली, पायथ्यास व सपाटीवर कुणबी, आगरी व पुढे ख्रिस्ती झालेले शेतकरी, खाडीवर कोळी. भात, मासळी, मीठ, लाकूड ह्यांची देवघेव त्यांना एकमेकांशी जोडून ठेवी. गाव लहान असले तरी ते एकटे नव्हते, ही गोष्ट त्याच्या इतिहासाचा विचार करताना विसरून चालणार नाही.

भातशेतीचे वर्ष राबापासून सुरू होई. उन्हाळ्यात निवडलेल्या वाफ्यावर शेण, फांद्या, पाला व गवत ह्यांचे थर रचून वर माती पसरावयाची आणि ते सावकाश जाळावयाचे. ह्याने तणाचे बी नष्ट होते, माती भुसभुशीत होते व राखेचे खत मिळते. मृगाच्या पावसाबरोबर ह्या राबात बी पेरीत; रोप हातभर झाले की ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावीत. ह्या रोपास व लावणीस उत्तर कोकणात आवण, आवणी असे शब्द आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस हेच ह्या शेतीचे पाटबंधारे खाते. एका पिकावर वर्ष काढावयाचे असल्याने राब किती भाजता आला, म्हणजेच डोंगरातील पाला तोडण्याची मोकळीक किती होती, ह्यावर शेतकऱ्याचे बरेचसे भवितव्य अवलंबून असे. पुढे जंगलाच्या मालकीचा प्रश्न ह्या प्रदेशात इतका जिव्हाळ्याचा का झाला, ह्याचे उत्तर ह्या साध्या कृषिपद्धतीत आहे.

३. कान्हेरीचा लेख

कान्हेरीच्या लेखांपैकी एक लेख यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातील, म्हणजे स्थूलमानाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा आहे. कल्याणच्या एका व्यापारी उपासकाने लेणे कोरविले आणि तेथे वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूच्या निर्वाहासाठी अक्षयनीवी, म्हणजे न मोडावयाची ठेव, करून दिली. ह्या ठेवीत दोनशे कार्षापण व मंगलठाण गावातील शेत ह्यांचा अंतर्भाव होता. तिच्या उत्पन्नातून भिक्षूला चीवरासाठी सोळा कार्षापण द्यावयाचे होते. मंगलठाण म्हणजेच आजचे मागाठाणे, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे, आणि कान्हेरीचे सान्निध्य पाहता त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

ह्या आकड्यांचा अर्थ समजण्यास नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख उपयोगी पडतो. तेथे दोन हजार कार्षापणांची ठेव दरमहा दर शेकडा एक ह्या व्याजाने ठेवून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी देण्याची व्यवस्था आहे. हाच दर धरला तर कान्हेरीच्या दोनशे कार्षापणांवर वर्षाला चोवीस येतील; त्यांतून चीवराचे सोळा देऊन आठ उरतील. कान्हेरीच्या ठेवीवर हाच दर होता असे लेख म्हणत नाही, तेव्हा हा हिशेब केवळ तुलनेसाठी आहे. परंतु एवढे मात्र म्हणता येईल की, दात्याने केवळ नाण्यांवर विसंबून न राहता जोडीला शेत दिले. नाण्याचे व्याज श्रेणींच्या सचोटीवर व बाजाराच्या स्थितीवर अवलंबून. शेत मात्र दर पावसाळ्यास उत्पन्न देणार. कल्याण-सोपाऱ्याच्या समुद्री व्यापारावर वाढलेल्या धनिकालाही चिरस्थायी दानासाठी शेवटी पायथ्याच्या एका भातखाचराचा आधार घ्यावासा वाटला.

लेखात राजाचे नाव आहे, दात्याचे आहे, त्याच्या पित्याचे व गावाचेही आहे. शेत कोण कसत होता हे त्यात नाही. दानलेखाच्या रचनेत त्याला स्थान नव्हते. शेताबरोबर त्याचे श्रम गृहीतच धरलेले होते. मागाठाण्याच्या लिखित इतिहासाचा आरंभ असा, कसणाऱ्याच्या अनुल्लेखाने, होतो.

गावाचा बौद्ध संघाशी संबंध दानापुरताच राहिला नाही. मागाठाण्यासही लहान बौद्ध लेणी आहेत. ती सहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात आणि त्यांतील मकरतोरणाचे कोरीव काम झिजलेल्या अवस्थेतही ओळखू येते. कान्हेरीच्या मोठ्या विहाराची ही जणू पायथ्याची शाखा. आज ह्या लेण्यांभोवती वस्तीचा वेढा पडला आहे.

४. मंगलठाण ते मागाठाणे

आता नावाकडे वळू. लेखातील 'मंगलठाण' हे रूप प्राकृत असून संस्कृत 'मङ्गलस्थान' ह्याशी ते जुळते. 'स्थान' ह्या शब्दातील 'स्थ' चा मूर्धन्य 'ठ' होणे ही प्राकृतातील परिचित प्रक्रिया होय. शिलाहारांच्या राजधानीचे 'श्रीस्थानक' हे नाव ह्याच मार्गाने 'ठाणे' झाले. 'मंगल' चे 'मागा' होणे मात्र तितके सरळ नाही. अनुनासिकाचा लोप व आद्य स्वराचे दीर्घत्व ह्यांस मराठीत आधार आहे. शब्दाच्या पोटातील लकाराचा लोप हा नियमित ध्वनिपरिवर्तनाने सांगता येत नाही. परंतु ग्रामनामे रोजच्या बोलण्यात झिजतात आणि सामान्य शब्दांचे नियम ती सर्वस्वी पाळीत नाहीत. 'मंगल' हा अर्थ लोकांच्या मनातून गेला की त्याचे ध्वनिरूप सांभाळण्याचेही कारण उरत नाही. आज 'मागाठाणे' ऐकणाऱ्यास 'ठाण्याच्या मागे' असा अर्थ सुचावा इतके मूळ रूप दुरावले आहे. कान्हेरीचा लेख नसता तर अशी एखादी व्युत्पत्ती शास्त्रीय म्हणून स्वीकारलीही गेली असती. ग्रामनामांच्या अभ्यासात जुन्या लिखित रूपाशिवाय पाऊल टाकणे किती धोक्याचे असते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

परिसरातील इतर नावेही ह्याच कथेला पुष्टी देतात. 'कृष्णगिरि' पासून 'कण्हगिरि' व 'कान्हेरी'. 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, ह्यापासून 'साष्टी'. गोव्यातही ह्याच अर्थाची दुसरी साष्टी आहे. बोरिवली, कांदिवली ह्यांच्या शेवटी येणारा 'वली' हा 'पल्ली', म्हणजे लहान वस्ती, ह्या शब्दाचा अवशेष मानला जातो. दहिसर, एकसर, पोयसर ह्यांतील 'सर' बहुधा पाण्याशी निगडित असावा. वस्ती, पाणी आणि ठाणे एवढ्या तीन कल्पनांत ह्या मुलखाची जुनी नावे बसतात. ही नावे ठेवणारे लोक भूमीकडे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहणारे होते.

ह्या संदर्भात एक दूरची तुलना उद्‌बोधक ठरेल. जावा बेटात खेड्याला 'देस' म्हणतात. हा संस्कृत 'देश' शब्द होय. तेथील प्राचीन लेखांत देवस्थानांना वा आश्रमांना उत्पन्न लावून दिलेल्या भूमीला 'सीम' अशी संज्ञा आहे. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत असे लेख मोठ्या संख्येने कोरले गेले. 'सीमा' हाच शब्द मराठीत 'शीव' झाला, आणि मुंबई व साष्टी ह्यांच्या सीमेवरील गावास त्याने नाव दिले. एकाच शब्दाने एका ठिकाणी दान दिलेली भूमी दाखविली, दुसऱ्या ठिकाणी गावाची हद्द. परंतु तुलनेतील खरी लक्षणीय गोष्ट निराळी आहे. जावातील सीमलेखांत दानसमारंभास हजर असलेल्या शेजारच्या गावांतील वृद्धांची व ग्रामाधिकाऱ्यांची नावे आणि त्यांना दिलेली वस्त्रे ह्यांची नोंद पुष्कळदा सविस्तर येते. भूमी दान होताना आसपासची खेडी साक्षीदार म्हणून बोलाविली जात व त्यांची नावे दगडावर वा ताम्रपटावर राहत. मंगलठाणच्या दानास साक्षीदार नव्हते असे नाही. पण ते कोरले गेले नाहीत. म्हणून जावातील एखाद्या खेड्याविषयी आपण जे विचारू शकतो, ते मागाठाण्याविषयी विचारता येत नाही.

५. शिलाहारांपासून पोर्तुगीजांपर्यंत

सातवाहनांनंतर अनेक शतके गेली तरी कान्हेरीस दाने येत राहिली. शके ७६५, ७७५ व ७९९ (इ. स. ८४३, ८५३ व ८७७) ह्या वर्षांचे शिलाहारकालीन लेख तेथे आहेत व त्यांत द्रम्मांच्या ठेवींचा उल्लेख आहे. साष्टीच्या शेतीचा अधिक स्पष्ट पुरावा भांडुपच्या ताम्रपटात मिळतो. शके ९४८ (इ. स. १०२६) मध्ये शिलाहार राजा छित्तराज ह्याने षट्षष्टी विषयातील नौर गावातले एक शेत दान दिले व त्याच्या चारही बाजूंच्या सीमा लिहवून घेतल्या. शेताची हद्द सांगावयाची तर शेजारची गावे, वाटा व पाणी ह्यांची नावे घ्यावी लागतात. त्यामुळे असा ताम्रपट नकळत त्या मुलखाचा नकाशाच होऊन जातो.

मागाठाण्याच्या वायव्येस, रेल्वेच्या पलीकडे, एकसर येथे सहा वीरगळ आहेत. त्यांवर जमिनीवरील युद्धाबरोबर नौकांची लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव ह्यांच्यातील, इ. स. १२६५ च्या सुमाराच्या, संघर्षाशी त्यांचा संबंध काही विद्वानांनी जोडला आहे. त्यावर एकमत नाही. पण भातखाचरांच्या ह्या मुलखाला समुद्राकडून येणारे युद्ध अपरिचित नव्हते, एवढे ते वीरगळ निःसंशय सांगतात. पुढील काळासाठी 'महिकावतीची बखर' हे साधन आहे. तिचा जुना भाग शके १३७० (इ. स. १४४८) मधील असून वि. का. राजवाडे ह्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. तीतील वंशकथा जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. परंतु उत्तर कोकणात वसाहत करणाऱ्या कुळांच्या आठवणी व गावांची नावे ह्या दृष्टीने ती मोलाची आहे.

इ. स. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. गावे जहागिरीने वाटली गेली आणि उत्पन्न भाताच्या मापांत ठरू लागले. 'भात' हा शब्द पोर्तुगीजांनी 'बाते' असा उचलला व त्यामागून इंग्रजांच्या दप्तरांत तो 'बॅटी' झाला. मुंबईच्या जुन्या इंग्रजी कागदांत भातजमिनीला ह्याच नावाने ओळखतात. राज्यकर्ते बदलले, परंतु करासाठी त्यांना शेतकऱ्याचाच शब्द घ्यावा लागला.

मागाठाण्याजवळच मंडपेश्वर आहे. तेथील शैव लेण्याचे सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियु दु पोर्तु ह्या धर्मोपदेशकाने ख्रिस्तमंदिरात रूपांतर केले आणि वर टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले. परिसरातील अनेक शेतकरी व कोळी कुटुंबे ह्या काळात ख्रिस्ती झाली. धर्म बदलला तरी त्यांनी शेती सोडली नाही आणि मराठीही सोडली नाही. १८८७ पासून हा समाज स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवून घेऊ लागला.

भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने ह्या घटनेला विशेष महत्त्व आहे. धर्मोपदेशासाठी लोकांची बोली शिकणे पाद्र्यांना आवश्यक होते. त्यामुळे सतराव्या शतकात फ्रांसिस्कु वाझ द गिमारांइश ह्याने वसईकडील बोलीत ख्रिस्तपुराण रचले, आणि एका पोर्तुगीज धर्मोपदेशकाने ह्या 'उत्तरेकडील' बोलीचे व्याकरण लिहिले. हे व्याकरण कुन्य रिव्हार ह्यांनी १८५८ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केले. ह्या भागातील शेतकऱ्याचे बोलणे लिखित स्वरूपात प्रथम राहिले ते अशा परक्या हाताने. हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु व्याकरणकाराला लोक कसे बोलतात हे ऐकावेच लागले. दानलेख, सनदा व करपत्रके ह्यांनी जे केले नाही ते ह्या लहानशा व्याकरणाने काही अंशी केले.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, ठाणे जिल्ह्यातील कोळी, आगरी, किरिस्ताव इत्यादी बोलींचे नमुने आले. त्यांतील काही वैशिष्ट्ये आजही वृद्धांच्या तोंडी ऐकू येतात : 'ण' च्या जागी 'न', 'ळ' च्या जागी 'ल', स्वरांमधील 'ड' च्या जागी 'र'. पाणी येथे 'पानी' होते, कोळी 'कोली', घोडा 'घोरा'. धर्माने वेगळ्या झालेल्या शेजाऱ्यांच्या बोलींत ही वैशिष्ट्ये सारखी आढळतात, ह्यावरून त्यांच्या शेताच्या बांधांप्रमाणे बोलीही एकमेकींना लागून होत्या हे दिसते.

६. खोत, रेल्वे आणि कुळ

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली व १७३९ मध्ये वसई पडली. मंडपेश्वराची पुन्हा शिवालय म्हणून पूजा सुरू झाली. मराठ्यांचा अंमल येथे चार दशकेही टिकला नाही. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टी ताब्यात घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. कंपनी सरकारने लागवड वाढावी ह्या उद्देशाने साष्टीतील अनेक गावे मुंबईच्या धनिकांना पट्ट्याने अगर इनामाने दिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवई फ्रामजी कावसजी बनाजी ह्यांच्याकडे आली ती अशीच. अशा गावांत शेतकरी व सरकार ह्यांच्यामध्ये खोत आला. सारा, गवत, झाडे, राबासाठी लागणारा पाला ह्या प्रत्येक बाबतीत शेतकऱ्याचा संबंध आता खोताशी येऊ लागला.

ह्याच सुमारास मुंबई जवळ येऊ लागली. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. १८६० मध्ये विहार तलावाचे व १८७९ मध्ये तुळशी तलावाचे काम पूर्ण झाले आणि साष्टीच्या डोंगरांतील पाणी शहराकडे वाहू लागले. १८६७ साली विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. त्या वेळच्या स्थानकांत बोरिवली होती आणि आजच्या गोरेगावाला 'पहाडी' ह्या जुन्या गावाचे नाव होते. गवत, भाजी, दूध व माणसे ह्यांचा ओघ शहराकडे वळला. तरी पुढील ऐंशी-नव्वद वर्षे बोरिवलीचा पूर्वभाग मुख्यतः शेतीचाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर जे घडले ते ह्या इतिहासातील सर्वांत मर्मभेदक प्रकरण होय. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. १९५१ च्या साष्टी इस्टेटींसंबंधीच्या कायद्याने तेथील जमीनमहसुलाच्या जुन्या माफ्या रद्द झाल्या. पुढे कुळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला : त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले जाणार होते. परंतु त्याच वर्षी, दोन महिने आधी, १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. आणि खरेदीसंबंधीची मुख्य कलमे महापालिकेच्या हद्दीतील जमिनींस लागू होत नव्हती. आधी मिळालेले कुळहक्क कायद्याने राखले होते, आणि प्रत्येक जमिनीची कथा निराळी असणार हे खरे. तथापि महाराष्ट्रातील हजारो गावांत ज्या वर्षी 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व प्रत्यक्षात उतरू लागले, त्याच वर्षी मागाठाण्याचा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने शहरवासी झाला. शेत अजून शेतच होते, राब अजून भाजला जात होता; नकाशावरची रेषा मात्र पुढे सरकली होती.

त्यानंतरचा क्रम सर्वपरिचित आहे. द्रुतगती महामार्ग, कारखाने, वसाहती, चाळी, उंच इमारती ह्यांनी खाचरे व्यापली. डोंगराचा भाग राष्ट्रीय उद्यानात गेला. पुढे त्या उद्यानास संजय गांधी ह्यांचे नाव देण्यात आले. उद्यानाच्या हद्दीत वारल्यांचे पाडे अद्याप आहेत व जंगलावरील त्यांचा हक्क हा वादाचा विषय आहे. ज्या तीन भूमींवर गावाचे जीवन उभे होते त्यांपैकी डोंगर राखीव झाला, खाजणे भरली गेली वा तिवरांखाली गेली, आणि मधली गोडी जमीन बांधकामाखाली गेली.

७. समारोप

मागाठाण्याच्या ह्या दीर्घ इतिहासात एक गोष्ट सारखी आढळते. शेताचे उत्पन्न कोणाकडे जावे हे ठरविणारे बदलत गेले : भिक्षुसंघ, शिलाहार, पोर्तुगीज जहागीरदार, खोत, शेवटी नगररचनाकार. त्या प्रत्येकाने आपला लेख मागे ठेवला. शेत कसणाऱ्याने लेख ठेवला नाही. त्याने शब्द ठेवले. राब, आवण, खाजण, वरकस हे शब्द ज्या ज्ञानाचे वाहक आहेत ते ज्ञान कोणत्याही सनदेत नाही. रोप किती दिवसांचे झाले की उपटावे, खाऱ्या मातीतील मीठ किती पावसांत धुऊन जाते, कोणत्या झाडाचा पाला राबास चांगला, हे सर्व त्या शब्दांच्या उपयोगात साठविलेले असते. शब्द गेला की ते ज्ञानही जाते.

विद्यार्थ्यांसह ह्या उपनगरांत शब्दसंग्रह करताना एक अनुभव वारंवार येतो. वृद्ध स्त्रिया लावणीचे शब्द क्रमाने सांगतात, रोपाची मूठ कशी बांधावयाची हे हातांनी दाखवितात, पण 'कोठे?' असे विचारले की एखाद्या इमारतीकडे किंवा रस्त्याकडे बोट जाते. त्यांच्या नातवंडांना हे शब्द कळत नाहीत, आणि त्यात नवल नाही. ज्या वस्तूचा शब्द, ती वस्तूच त्यांनी पाहिलेली नाही. सर्वेक्षकाने पुढच्या पिढीची वाट पाहावी अशी सवड येथे उरलेली नाही.

घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारली बोलीस स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुंबईच्या उपनगरांतील गावठाणे शहराचाच भाग मानली गेल्यामुळे बोलीच्या अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे कमी गेले. मरोळ, गोराई, मनोरी, एकसर, पोयसर, मागाठाणे अशा गावांतील शेतीचे शब्द, शेतांची व पाणवठ्यांची नावे, बांधांच्या व वाटांच्या संज्ञा ह्यांचा पद्धतशीर संग्रह करणे हे विद्यापीठातील मराठी व भाषाशास्त्र विभागांचे तातडीचे कर्तव्य आहे. जुन्या मोजणीच्या नकाशांवर प्रत्येक शेताला क्रमांक आहे. त्याला गावकरी ज्या नावाने ओळखीत ते नाव विचारून त्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.

कान्हेरीच्या लेखात अक्षयनीवी हा शब्द आहे. ती ठेव केव्हाच संपली. चीवरे, कार्षापण, ते शेत ह्यांपैकी काहीही उरले नाही. त्या व्यवहारातून अठराशे वर्षे टिकून राहिले ते एवढे गावाचे नाव, आणि ते टिकले लेखामुळे नव्हे. कातळावरची अक्षरे शतकानुशतके कोणास वाचता येत नव्हती. त्या सर्व काळात नाव जिवंत ठेवले ते तेथे राहणाऱ्या, शेत कसणाऱ्या माणसांनी, ते रोज उच्चारून. ज्यांची नावे लेखाने नोंदविली नाहीत त्यांनीच लेखातील नाव आपल्यापर्यंत आणून पोहोचविले. त्यांच्या शब्दांची नोंद आता आपण करावी.